पाठीवर बाळ नसलेली राणी

गेल्या दिवाळीपासून नामा रोज सकाळी स्वतःच्या होडीवर डिलिव्हरी बॉय म्हणून जात होता.

यात त्याची चूक म्हणाल तर एवढीच, की त्याचा बाप, आजा आणि पणजा ज्या वाटेने कोलशेतच्या बंदरावर गेले त्याच वाटेने जायची त्यालाही सवय होती. मधल्या काळात त्या वाटेच्या दोन्ही अंगांना ‘लिस्बोआ बे’ नावाचं संकुल उभं राहिलं. तीन टॉवर: वास्को, मॅगेलन आणि अल्बुकर्क. बिल्डर मानपाड्याचा. पोर्तुगालला तो एकदाच गेलेला, तेही विमान बदलायला. पण माहितीपत्रकात त्याने कोलशेतच्या खाडीला ‘अटलांटिकची आठवण करून देणारी’ असं म्हटलं होतं. खाडीला अटलांटिकची आठवण येत असेल, तर तिने ती कधी बोलून दाखवली नव्हती.

मग वाटेवर दांडा आला. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा, बटण दाबलं की वर जाणारा. दांड्याशेजारी केबिन, केबिनमध्ये साताऱ्याकडचा तानाजी नावाचा सिक्युरिटी आणि तानाजीच्या हातात ॲप. ॲप विचारायचं, कोणाकडे? फ्लॅट नंबर? कामाचं स्वरूप? ‘होडीकडे’ असा फ्लॅट ॲपमध्ये नव्हता. तानाजीने बराच शोधला. माणूस भला होता. शेवटी त्यानेच तोडगा काढला.

“मामा, मी तुम्हाला डिलिव्हरी म्हणून टाकतो. अल्बुकर्क, बाराशे एक. तिथं कोण राहतच नाही.”

तेव्हापासून नामा एका रिकाम्या फ्लॅटला रोज काहीतरी पोचवत होता. ॲपवर त्याला साडेचार स्टार मिळालेले. कोणी दिले, कळायला मार्ग नाही.

त्याच्या मुलीला, भाविकाला, हे स्टार सहन होत नसत. ती ठाण्याला कोर्टाजवळ एका वकिलाकडे टायपिंग करायची. ‘वहिवाट’ हा शब्द तिने इतक्या वेळा टाइप केला होता की वकिलाने नुसतं ‘व’ म्हटलं तरी तिची बोटं पुढचं उरकून मोकळी व्हायची.

“बाबा, रोज पास घ्यायचा म्हणजे रोज कबूल करायचं की वाट त्यांची आहे आणि आपण पाहुणे आहोत. उद्या कोर्टात गेलो ना, तर ते हेच काढून दाखवतील. हे बघा, ह्यांचा पूर्ण गाव आमच्या परवानगीने यायचा.”

“मंग काय करू? मासली ॲपवर बोलवू?” नामा म्हणायचा आणि विषय संपायचा. नामा भांडणारा माणूस नव्हता. जाळ्यातून सोडवताना चिंबोरी चावली, तर ‘सॉरी’ तोच म्हणायचा.

नारळी पौर्णिमा जवळ आली, तसा एका संध्याकाळी ऋतुराज त्यांच्या ओटीवर आला. ऋतुराज हा लिस्बोआ बेचा सांस्कृतिक सचिव. त्याच्या टी-शर्टवर जहाजाच्या नांगराचं चित्र होतं. खाली ओटीवर खराखुरा नांगर पडलेला, त्यावर त्याने मोबाइल ठेवला.

“काकू, यंदा आपण क्रीक कोकोनट फेस्ट करतोय.”

काकू म्हणजे मालू, नामाची थोरली बहीण. ती कोळंबी सोलत होती. मान वर न करता तिने विचारलं, “कवा हाय ह्या?”

“नारळी पौर्णिमेला.”

“म्हनजे नारली पुनव.”

“हो, तीच. पण फेस्ट.”

प्रस्ताव असा होता. गावठाणाने दरवर्षी काढतात तशीच मिरवणूक काढायची, नारळ आणायचा, नाचायचं. सगळ्यांना मनगटात घालायला ‘आर्टिस्ट’ लिहिलेले पट्टे मिळतील. पट्ट्यावर कोड. तो दांड्यापाशी दाखवला की आत. फोटोग्राफर आहे, ड्रोन आहे, संध्याकाळी सातपर्यंत पट्टा चालेल. आणि मिरवणुकीच्या पुढे घोड्यावर झाशीची राणी.

“आमच्या मॅगेलनमधली एक मुलगी होणार होती,” ऋतुराज म्हणाला, “पण तिला घोड्याची ॲलर्जी निघाली. म्हटलं, तुमची भाविका शोभेल.”

म्हणजे गावाच्याच सणाला, गावाच्याच वाटेवर, पूर्ण गाव पट्टे घालून पाहुणा म्हणून येणार, आणि त्याचं वरून शूटिंग होणार. भाविकाच्या डोळ्यांसमोर वकिलाची फाइल उभी राहिली. असा पुरावा समोरच्या पार्टीला कोणी फुकट देत नाही. ही पार्टी तर वर राणीही मागत होती.

नामा ‘नको’ म्हणण्याआधी ती म्हणाली, “मी होते राणी. पण राणी माझ्या पसंतीची.”

“कुठलीही चालेल. घोडा आधीच बुक आहे, कल्याणहून.”

“अब्बक्का.”

“कोण?”

“राणी अब्बक्का. उल्लाळची, मंगळूरजवळ. पोर्तुगीजांशी लढलेली.”

ऋतुराजने मागे वळून वास्को टॉवरकडे पाहिलं. थोडा विचार केला. “म्हणजे तसं आपल्या थीममध्येच बसतं.”

“बसवू.”

“फक्त पाठीला बाळ बांधा.”

“तिच्या पाठीला बाळ नव्हतं.”

“पण मग राणी आहे हे कळणार कसं?”

“मुकुटावरून?”

“नुसता मुकुट रिस्की आहे हो. लोकांना गरबा वाटेल.”

तो गेल्यावर मालूने कोळंबीचं टोपलं भाविकाकडे सरकवलं. गोष्ट ऐकायची तर हात रिकामे ठेवायचे नाहीत, हा तिचा नियम.

“सांग बघू. कोन ही तुजी आक्का?”

भाविकाला अब्बक्का सापडली ती पासच्या नादात. ऑफिसात दुपारी वीज गेली की ती मोबाइलवर वाचत बसायची, आणि एकदा तिने शोधलं होतं की पाण्यावर जायला पास लागतो ही अक्कल पहिल्यांदा निघाली कोणाच्या डोक्यातून. वाचता वाचता ती पोर्तुगीजांपाशी पोचली.

“समुद्र काय त्यांच्या बापाचा नव्हता,” ती सोलता सोलता सांगू लागली. “पण आले, बंदरं घेतली, तोफा लावल्या आणि म्हणाले, जहाज हाकायचं तर आमचा पास घ्यायचा. नसला तर माल जप्त. आपलं ठाणंसुद्धा तेव्हा त्यांच्याच हातात.”

“ॲप होता?”

“कागद होता. कार्ताझ म्हणायचे. वरून खंडणी वेगळी.”

“मंग?”

“मग हिने घेतला नाही. खंडणी दिली नाही. जहाजं तशीच पाठवली. ते चालून आले, हिने परतवले. पुन्हा आले, पुन्हा परतवले.”

“घो काय करीत व्हता?”

“नवरा शेजारच्या मंगळूरचा राजा. त्यांचं फाटलं. ही निघून आली, त्याने दिलेले दागिने परत पाठवले आणि आपलं राज्य बघायला लागली. त्यांच्यात वारसा आईच्या बाजूने चालायचा. नवरा मग पोर्तुगीजांना मिळाला.”

मालूचा हात थांबला. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

“दागिनं परत केलं? सगलं?”

“सगळे.”

“येडीच हाय गो. लराई ठीक हाय. पन दागिनं?”

“ऐक ना. एकदा पोर्तुगीजांनी उल्लाळ घेतलंच. थेट महालात शिरले. ही निसटली, एका मशिदीत आसरा घेतला, आणि त्याच रात्री दोनेकशे माणसं गोळा करून उलटी त्यांच्यावर पडली. त्यांचा सेनापती तिथेच मारला गेला.”

“मानसा कनची तिची?”

“सगळी. मुसलमान होते, आणि मोगवीर म्हणून मासे मारणारे लोक. आपल्यासारखेच. झावळ्या पेटवून जहाजांवर फेकायचे, अशी गोष्ट सांगतात.”

मालूने ‘आपल्यासारखेच’वर मान हलवली. झावळ्यांचा असा उपयोग आपल्या गावात कोणाला सुचला नाही, याचं तिला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

“मंग जितली का नाय?”

“शेवटी फितुरीने पकडली. कैदेतही बंड केलं आणि लढता लढता गेली.”

“म्हनजे हरली.”

“हरली. पण पास नाही घेतला.”

मालूने पुढची कोळंबी उचलली. मग म्हणाली, “माजी हिरवी नऊवारी नेस. पन ऐक, परत आनून दे. तुला परत करायची भारी हौस दिसतंय, तर माजंच पयलं कर.”

पट्टे घ्यायचे नाहीत, हे भाविकाने गावात एकेकाला सांगून ठेवलं. गाव हो म्हणालं. गाव कशालाही हो म्हणतं. खरं काय ते आयत्या वेळी ठरवतं. नामाला मात्र काळजी लागली ती भरतीची. नारळ भरतीच्या पाण्यात सोडायचा असतो. ओहोटी लागली की कोलशेतला बंदरापुढे उरतो तो चिखल, कमरेएवढा. आणि पिढ्यानपिढ्यांची रीत अशी की सोन्याचा कागद लावलेला नारळ एकदा हातात घेऊन निघालं, की पाण्यापर्यंत तो भुईला टेकवायचा नाही आणि मागेही फिरायचं नाही.

“दांड्यापाशी अरकलो तं?” नामाने विचारलं. “फुरं जाता येनार नाय, मागं येता येनार नाय. नारल हातानच राहील.”

“तेच तर पाहिजे,” भाविका म्हणाली. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. वर्षभराच्या दर्याचा मान होता तो. तो चुकला तर गाव राणीला विचारणार नव्हतं, नामाच्या पोरीला विचारणार होतं.

पौर्णिमेच्या दुपारी कल्याणहून घोडी आली. नाव चांदणी. सोबत तिचा मालक हितेश. त्याने चांदणीला लग्नाचाच साज चढवला होता, कारण त्याच्याकडे दुसरा साज नव्हता. हिरवी नऊवारी, पुठ्ठ्याचं चिलखत, टेंभी नाक्यावरून भाड्याने आणलेला मुकुट आणि लाकडी तलवार घेऊन भाविका वर बसली. ऋतुराज धावत आला. त्याच्या हातात दुपट्ट्यात गुंडाळलेली बाहुली होती.

“फक्त फोटोपुरतं बांधा.”

“तिला बाळ नव्हतं पाठीला.”

“इतिहास आपण मागे ठेवू या ना. बाळ पाठीला ठेवू.”

भाविकाने टाच मारली. चांदणी निघाली, मागे ताशा, मागे टोप्या घातलेले पुरुष, नऊवाऱ्यांतल्या बायका, मध्ये नारळ धरलेला नामा, आणि सर्वांत शेवटी कडेवर बाहुली घेतलेला सांस्कृतिक सचिव.

लिस्बोआ बेने दांड्यावर झेंडूची कमान उभारली होती. कमान दिसताच चांदणी थबकली. दांडा अजून पाच-सहा हात लांब होता.

“काय झालं?” भाविकाने खाली वाकून विचारलं.

“लग्नाची घोडी आहे, ताई,” हितेश म्हणाला. “कमान दिसली की थांबते. कोणी ओवाळलं की आत जाते. ट्रेनिंग आहे.”

भाविकाने एक भाषण तयार केलं होतं. त्याची सुरुवात ‘मी थांबणार नाही’ अशी होती. ती तिने गाळली.

तानाजी पट्ट्यांचा डबा घेऊन पुढे आला. “ताई, हात करा.”

“नाही घेणार.”

“मग मामांचा तरी द्या.”

“कोणीच घेणार नाही. आम्ही कोणाकडे आलेलो नाही, तानाजीदादा. आम्ही आमच्या वाटेने चाललोय.”

तानाजीने ॲपकडे पाहिलं. ॲपमध्ये हा पर्याय नव्हता. मागून ऋतुराज घुसत घुसत पुढे आला.

“भाविका, अगं पट्टा म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी आहे.”

“नुसती फॉर्मॅलिटी आहे ना? मग सोडून द्या.”

“फॉर्मॅलिटी कशी सोडणार? बाकी सगळं सोडता येतं.”

“मग आम्ही इथेच आहोत.”

आता सगळं होतं तिथे थांबलं. ताशाही थांबला. आणि मग एक गोष्ट हळूहळू सर्वांच्या लक्षात आली, जी बिल्डरच्या माहितीपत्रकात नव्हती. बंदराची वाट संकुलातून जात होती हे खरं; पण संकुलातून मोठ्या रस्त्याला जायची एकमेव वाट गावठाणातून जात होती. तिथे आता अख्खं गाव उभं होतं. दिवस राखीचाही होता. आतून भावांकडे निघालेल्या गाड्या आल्या, बाहेरून बहिणींकडे निघालेल्या आल्या. दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले.

मालूने केबिनमधून तानाजीची प्लास्टिकची खुर्ची ओढली, रस्त्याच्या मधोमध मांडली आणि बसली. पहिल्या गाडीची काच खाली झाली.

“कुठं निंगाला?” मालूने विचारलं.

“बाहेर, मावशी. डोंबिवलीला.”

“कोनाकरं?”

“बहिणीकडे.”

“फोन लावा तिला. विचारा, पाठवू का म्हनून.”

भाविकाला वाटलं, आता हा माणूस उतरून भांडणार. पण त्याने फोन लावला. लिस्बोआ बेत तीन वर्षं राहिलेला माणूस होता. फोन लावून विचारल्याशिवाय कोणी कुठे जाऊ शकतं, हे तो विसरून गेला होता. पलीकडून बहीण म्हणाली, “अरे, विचारतोस काय, ये ना!”

“ओटीपी?” मालू म्हणाली.

“आलेला नाही.”

“मंग मी देतंय. बोंबील.”

“बोंबील,” तो माणूस गंभीरपणे म्हणाला. मालूने कनवटीचा जाळं विणायचा निळा धागा काढला, तोडला आणि त्याच्या मनगटाला बांधला. त्याला वाटलं राखीच आहे. त्याने वाकून नमस्कार केला.

त्यानंतर रांग लागली. कोणी लावायला सांगितली नव्हती. पण लिस्बोआ बेच्या लोकांना हॉर्न वाजवण्यापेक्षा रांगेत उभं राहणं केव्हाही बरं वाटायचं. गाड्यांतून उतरून ते एकामागे एक उभे राहिले. कोणाला ‘चिंबोरी’ आला, कोणाला ‘निवटी’. एका आजोबांनी हे ॲपवर का करता येत नाही, म्हणून चौकशी केली. एका बाईंनी आपल्याला सुकटाऐवजी शाकाहारी ओटीपी मिळेल का, असं विचारलं. मालूने त्यांना ‘नारल’ दिला.

घोडीवरून भाविका हे बघत होती. हसू येत होतं, पण नजर पुन्हा पुन्हा पाण्याकडे जात होती. लांब दोन टॉवरांच्या फटीतून खाडीची पट्टी दिसत होती. मघाशी पाणी बंदराच्या कठड्याला लागलेलं होतं. आता कठड्याखाली एक काळी रेघ दिसू लागली होती. तिने नामाकडे पाहिलं. त्यानेही ती रेघ पाहिली होती. नारळ धरून त्याचे हात भरून आले होते, पण तो कोणाला देत नव्हता.

तेवढ्यात रांगेतल्या एका गाडीतून वैशाली उतरली. ही ऋतुराजची बायको. हातात राखीचं तबक होतं, टेंभी नाक्याला भावाकडे निघालेली. तिने नवऱ्याला दहा हातांवरून फोन केला, कारण मध्ये गाव होतं.

“ऋतू, मला ह्यांनी व्हिजिटर म्हणून अडवलंय.”

“बघतो मी.”

“माझ्याच घरातून निघताना, ऋतू! मी काय व्हिजिटर आहे? इथे राहते मी!”

हे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की फोनची गरज नव्हती. गावाने एकमेकांकडे पाहिलं. मालूने नुसतं ऋतुराजकडे बोट केलं, की हेच, हेच वाक्य, आता त्यांना सांग.

ऋतुराजने कपाळ पुसलं. कमिटीच्या दोघांशी कुजबुजला. मग केबिनच्या पायरीवर चढून त्याने हात वर केला, ज्यात बाहुली होती.

“ओके! आजच्या दिवस सगळ्यांना फ्री एंट्री! पट्टा नको, कोड नको. कमिटीतर्फे सणाची भेट!”

टाळ्या पडल्या. ताशावाल्याने काठ्या उचलल्या. नामाने मोठा श्वास सोडला. तानाजीचं बोट बटणाकडे गेलं.

“नको,” भाविका म्हणाली.

ताशावाल्याच्या काठ्या हवेतच राहिल्या.

“आज माफ म्हणजे उद्यापासून द्यायचा. भेट त्याची असते, ज्याची वस्तू असते. ही वाट तुम्ही आम्हाला भेट कशी द्याल?” ती आता रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलत होती. “त्या राणीलाही कोणीतरी येऊन सांगितलंच असेल ना, की बाई, यंदाचं सोडून देतो, पुढच्या वर्षी बघू. तेव्हा तिने हो म्हटलं असतं तर आज तिचं नाव मला सापडलं नसतं. दांडा वर करू नका. दांडा काढा.”

“अगं, पन पानी उतरतंय, पोरी,” मालू खुर्चीवरून म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती. “नारल चिखलान जाल.”

“जाऊ दे चिखलात.”

गावठाणात दर्याच्या नारळाबद्दल असं कोणी बोलत नसतं. दोन म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. भाविकाला वाटलं, गेलं. आता बाबा म्हणतील, सॉरी म्हण सगळ्यांना.

नामा पुढे झाला. तो चांदणीपाशी आला, मुलीकडे एकदा पाहिलं आणि तसाच पुढे ऋतुराजपर्यंत गेला.

“धरा,” तो म्हणाला आणि नारळ त्याच्या हातात दिला. “भुईला टेकवू नका.”

ऋतुराजने नारळ घेतला. म्हणजे एका हातात नारळ, दुसऱ्या हातात बाळ. खिशात फोन वाजत होता आणि तो काढायला तिसरा हात नव्हता.

नामा केबिनपाशी गेला. “तानाजी, पाना हाय?”

तानाजीने त्याच्याकडे पाहिलं. मग कमिटीकडे पाहिलं. मग आत वाकून टेबलाखालचा पाना काढला. “दांडा सारखा अडकतो, मामा. म्हणून ठेवलाय,” असं तो कोणालाच उद्देशून म्हणाला आणि कमानीवरचे झेंडू मोजल्यासारखं करत राहिला.

होडीचं इंजीन आयुष्यभर स्वतः खोलून बसवलेला माणूस होता तो. पहिला बोल्ट निघाला.

“काका, ही कमिटीची प्रॉपर्टी आहे!” ऋतुराज ओरडला आणि पुढे सरला.

“नारल हलवू नका,” नामा मान न वळवता म्हणाला.

ऋतुराज जागच्या जागी थांबला. सगळं गाव त्याच्या हाताकडे बघत होतं. त्याच्याही कपाळावर वैशालीने सकाळी लावलेलं कुंकू होतं. देवाचं वगैरे काही असलं की त्याचे पाय आपोआप जुळायचे.

“जनरल बॉडीत विषय घेऊ ना, काका. ठराव करू.”

“करा.” दुसरा बोल्ट.

“ऋतू, हलू नकोस!” वैशाली रांगेतून म्हणाली. “पडेल तो.”

शेवटचा बोल्ट गंजला होता. नामाने पान्यावर दोन्ही हात ठेवून अंग टाकलं. करकर आवाज झाला आणि दांडा मुळापासून सुटून त्याच्या खांद्यावर आला. खांबावर नुसती भोकं राहिली. बटणावरचा हिरवा दिवा तसाच चालू होता. त्याला अजून कळलं नव्हतं.

गाव ओरडलं. ताशा वाजला. चांदणी मात्र हलेना.

“ओवाळायचं राहिलंय,” हितेश म्हणाला. त्यालाही जरा लाज वाटत होती.

मालू खुर्चीतून उठेपर्यंत वैशाली पुढे आली होती. तबकात निरांजन, अक्षता, सगळं तयारच होतं. तिने घोडीला ओवाळलं, मग घोडीवर बसलेल्या राणीकडे पाहिलं.

“झाशीची ना?” तिने विचारलं.

“उल्लाळची. अब्बक्का.”

“बरं,” म्हणून तिने तिलाही ओवाळलं. “मला आता जाऊ द्या. ओटीपी नका विचारू, प्लीज, मी मासे खात नाही.”

चांदणी झेंडूखालून आत शिरली. मागे ताशा, मागे गाव, खांद्यावर काळा-पिवळा दांडा घेतलेला नामा, आणि नारळ परत कोणी घेईना म्हणून ऋतुराज. त्याने दोघा-तिघांपुढे तो केला, पण एकदा ज्याच्या हातात दिला त्यानेच पाण्यापर्यंत न्यायचा असतो, असं त्याला सांगण्यात आलं. ही रीत मालूने जागच्या जागी काढली होती. कोणी तिला खोडून काढलं नाही.

वास्को गेला, मॅगेलन गेला, अल्बुकर्क गेला. गॅलऱ्यांतून लोक मोबाइल धरून उभे होते. वर ड्रोन घुमत होता आणि एकाही मनगटावर पट्टा नव्हता. भाविकाने मुद्दाम तलवारीचा हात उंच धरला, म्हणजे मनगट नीट यावं.

बंदरावर पाणी नव्हतं. मंडप होता, खुर्च्या होत्या, ‘कोकोनट’ अशी मोठी अक्षरं होती, आणि त्यांच्यापुढे पसरलेला काळाभोर चिखल. खाडी लांब गेली होती. गावाच्या होड्या कलंडून पडलेल्या. म्हाताऱ्यांनी भाविकाकडे पाहिलं.

ती घोडीवरून उतरली. चपला काढल्या, मालूची हिरवी नऊवारी गुडघ्यावर खोचली आणि चिखलात पाय टाकला.

“गो, माजी नऊवारी!” मालू ओरडली, आणि मग स्वतःच तिच्या मागे उतरली, बहुधा नऊवारीवर लक्ष ठेवायला. मग बायका उतरल्या. मग पुरुष. शेवटी काठावर एकटा ऋतुराज उरला, पांढऱ्या बुटांत. त्याने मागे पाहिलं, हातातल्या नारळाकडे पाहिलं आणि बाहुली तानाजीकडे देऊन तोही उतरला.

पाणी गाठायला बराच वेळ लागला. मुकुट वाटेत कुठेतरी गेला. चिलखताचा लगदा झाला. भाविका मांड्यांपर्यंत रुतली होती. दर पावलाला चिखल ‘नाही’ म्हणायचा आणि ती पाय उपसून पुढे टाकायची. पाण्याच्या कडेशी पोचल्यावर नामाने ऋतुराजच्या हाताखाली हात धरला आणि दोघांनी मिळून नारळ सोडला. तो बुडाला, वर आला, सोन्याचा कागद चमकला आणि ओहोटीबरोबर एवढ्या जोरात निघून गेला, की म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, भरतीला सोडला की मेला काठालाच घुटमळतो, हा बघा कसा समुद्रालाच गेला. दुसरी म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे मिटलं होतं.

परतताना नामा आपल्या होडीपाशी थांबला. तिचा बांधायचा खुंट गेल्या पावसात कुजून मोडला होता. त्याने खांद्यावरचा दांडा उभा केला, चिखलात रोवला आणि दोर त्याला गुंडाळू लागला.

“काका,” ऋतुराज म्हणाला. त्याचा एक बूट मागे राहिला होता आणि तो एका पायावर उभा राहण्याचा प्रयत्न करत होता. “दांडा परत द्यावा लागेल. मला कमिटीला उत्तर द्यायचंय.”

“घेऊन जा,” भाविका म्हणाली. “उपसता आला तर.”

त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला आणि ओढला. दांडा जागचा हलला नाही. ऋतुराज मात्र वीतभर खाली गेला. त्याने वळून नामाकडे पाहिलं. हा माणूस मदत करेल अशी त्याला अजून आशा होती.

नामाने होडीतून मोगरी काढली, नीट नेम धरला आणि दांडा आणखी हातभर खाली ठोकला.